सिकची रजा, डॉक्टरांचा दाखला आणि मालकाचा हक्क: पार्श्वभूमी

आजारपणाच्या रजेसाठी दाखला घेताना मालकाला आजाराचं नाव कळायलाच हवं का, या प्रश्नाची ही पार्श्वभूमी. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं, तरी दुकानांसाठी मुंबईचाच १९४८ चा कायदा चालू राहिला. १९६१ मध्ये म्हैसूरने स्वतःचा कायदा केला आणि दुकान-ऑफिसातल्या नोकरांना वर्षाला १२ दिवसांची भरपगारी रजा दिली, आजार, अपघात किंवा ‘इतर वाजवी कारणा’साठी. निपाणीचा माणूस सीमेपलीकडे कागलच्या मोठ्या दुकानात लागला, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने त्याला ८ दिवसांची किरकोळ रजा मिळते, आजारपणाची वेगळी नाही.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेच्या फाउंड्रीत आधार ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. हे पैसे मालक देत नाही, योजना देते. मग आजाराचं नाव मालकाला कशासाठी हवं? तरीही दाखल्याची झेरॉक्स सुपरवायझरच्या टेबलावर जाते आणि आजाराची बातमी दुपारपर्यंत कारखानाभर होते. वडगाव-खासबागच्या छोट्या यंत्रमागवाल्यांकडे पीसरेटवर (नगामागे मजुरीवर) राबणाऱ्यांचा तर खाडा म्हणजे खाडाच.

गोपनीयतेचा कायदा फार उशिरा आला. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ ठरल्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्याने नोकरीसाठी चाचणीची सक्ती करायला बंदी घातली. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

वाद आहे तो २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा. त्यात ‘संवेदनशील’ हा वर्गच उरला नाही. वर ‘नोकरीच्या कारणासाठी’ मालकाला संमतीविना माहिती वापरायची मुभा मिळाली. मालकाला तोट्यापासून किंवा जबाबदारीपासून वाचवणं हेही त्यातच. एवढ्या सैल शब्दांत टीबीचा रिपोर्टही बसवता येईल आणि मनोविकाराच्या गोळ्यांची चिठ्ठीही. माझ्या मते ही मुभा कामगारावर अन्याय करणारी आहे, कारण रजेचा पगार ज्याच्या हातात, त्याला नाही म्हणायची ताकद कुणात असते? नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले; मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील.

त्याच नोव्हेंबरात ईएसआयचा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. कर्नाटक सरकारनेही महिला कामगारांना महिन्याला एक दिवस मासिक पाळीची पगारी रजा देण्याचा आदेश काढला. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागत नाही. मालकांच्या बाजूने या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं.