बालमृत्यू मोजायचे कुणी?

पावसाळी अधिवेशन आणि मेळघाटातले बालमृत्यू यांची सांगड महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली आहे. तिथल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांचा आकडा सभागृहात येतो आणि विरोधक उभे राहतात. सरकारचं उत्तरही ठरलेलं असतं : हे मृत्यू कुपोषणाने नव्हे, आजाराने झाले. कागदावर ते खोटं नसतं. न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, जन्मतः कमी वजन अशी कारणं नोंदवहीत लिहिलेली असतात. ‘भूक’ हे कारण लिहायला रकानाच नसतो. मुलांसाठी या राज्यात जी धोरणं झाली, त्यांच्यामागचं भांडण बरंचसं या नोंदवहीवरून झालं आहे. किती मुलं गेली, कशाने गेली आणि हे मोजायचं कुणी, यावरून.

त्याआधी थोडं मागे जायला हवं. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर चालणारा सरकारी शब्द ठाणे जिल्ह्याच्या (आता पालघरच्या) किनाऱ्यावरून आला. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीवरची मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. केंद्र सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा नाव अंगणवाडीचं घेतलं. ताराबाईंचा भर शिक्षणावर होता. सरकारी अंगणवाडीची ओळख मात्र हळूहळू खाऊ आणि वजनकाटा एवढीच होत गेली, आणि हे नुकसान अजून भरून आलेलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जव्हार भागातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली, पाठोपाठ मेळघाट गाजलं. वर्तमानपत्रांनी आणि आदिवासी भागातल्या कार्यकर्त्यांनी विषय लावून धरला. त्यातून 1995 मध्ये नवसंजीवन योजना आली. पावसाळ्याआधी धान्य पोहोचवणं, पाडा स्वयंसेवक, डॉक्टरांची भरारी पथकं, गरोदर बाईला मातृत्व अनुदान असं बरंच काही त्यात होतं. योजना वाईट नव्हती. पण तिची सगळी घडण आपत्ती निवारणाची होती : पूर यावा तसं कुपोषण पावसाळ्यात येतं आणि पथकं पाठवली की ओसरतं, अशी. मूल मात्र बारा महिने वाढत असतं किंवा खुरटत असतं.

खरा धक्का दिला तो गडचिरोलीने. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातल्या दाईने न्यूमोनिया ओळखायचा म्हणजे बाळाचे श्वास मोजायचे, आणि बऱ्याच दायांना बारापुढे मोजता येत नव्हतं. म्हणून वाळूचं घड्याळ आणि मण्यांची एक साधी पट्टी तयार झाली : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, मिनिट संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. या कहाणीत मला सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच वाटते. मोजण्याचं काम दवाखान्यातून उठून निरक्षर बाईच्या हातात आलं. पुढे घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणाऱ्या ‘आरोग्यदूत’ बाया तयार झाल्या. 39 गावांतल्या या प्रयोगाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

मग प्रश्न आला की हे गडचिरोलीपुरतंच आहे का. ‘सर्च’सह राज्यातल्या 13 स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या, 231 गावं आणि 6 शहरी झोपडपट्ट्यांतले जन्म-मृत्यू त्यांनी स्वतः नोंदवले आणि 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल लोकांपुढे ठेवला. राज्यात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. शासकीय नोंदी त्याच्या जवळपासही नव्हत्या. गेलेल्या मुलांपैकी बहुतेक मुलं सरकारच्या लेखी जन्मलीही नव्हती आणि मेलीही नव्हती.

अहवाल बरेच निघतात, धूळ खातात. हा टिकला, कारण त्याच्याशी वाद घालायचा तर सरकारला आधी स्वतःची वही तपासावी लागणार होती. अधिवेशनात खडाजंगी झाली, वर्तमानपत्रांनी रेटा सोडला नाही, आणि शेवटी शासनाने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. टीकाकाराला समितीवर बसवून गप्प करायची आपल्याकडे जुनी रीत आहे. इथे ती फारशी साधली नाही. समितीनेही मृत्यू कमी नोंदवले जात असल्याचं सांगितलं. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत 2011 पासून ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमात आली.

त्याच्या आधीच, 2005 मध्ये, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं, देशातलं या प्रकारचं पहिलं. विशेष म्हणजे ही कल्पना मंत्रालयात जन्मली नाही. औरंगाबाद विभागात विभागीय आयुक्त असताना व्ही. रमणी यांनी बालकुपोषणावर जे काम उभं केलं, त्यातून ती पुढे आली. नवीन खातं नाही, मोठा निधी नाही. आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन खात्यांना एकाच मुलाकडे बघायला लावणं हेच त्याचं काम. पुढे भर दोन वर्षांखालच्या मुलांवर आणि गरोदरपणावर आला. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपणाचं (वयाच्या मानाने उंची कमी असण्याचं) प्रमाण 2005-06 मध्ये 39 टक्के होतं. 2012 च्या राज्यव्यापी सर्वेक्षणात ते 24 च्या खाली आलं आणि महाराष्ट्राचं जगभर कौतुक झालं.

कौतुक फार दिवस पुरलं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचा हिशेब घेतला तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार खुजेपणा 2005-06 मध्ये 46.3 टक्के, 2015-16 मध्ये 34.4 आणि 2019-21 मध्ये 35.2. म्हणजे उतार थांबला. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या, म्हणजे लुकड्या मुलांचं प्रमाण तर 16.5 वरून 25.6 वर गेलं आणि तिथेच बसलं. दुसरीकडे राज्याचा अर्भक मृत्युदर 2000 साली हजारी 48 होता, 2020 मध्ये 16 झाला. मुलं जगू लागली. नीट वाढतात की नाही, हा प्रश्न वेगळा. पावसाळी भरारी पथकाकडे त्याचं उत्तर नाही. दिवाळीनंतर मेळघाटातली कोरकू आदिवासी कुटुंबं कामाला बाहेर पडतात तेव्हा पोर एका अंगणवाडीच्या यादीतून सुटतं आणि दुसऱ्या यादीत चढत नाही.

न्यायालयातली लढाई समांतर चालू होती. डॉ. राजेंद्र बर्मा यांची 2007 ची जनहित याचिका आणि तिच्यासोबत बंडू साने, पूर्णिमा उपाध्याय अशा मेळघाटातल्या कार्यकर्त्यांचे अर्ज मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं सुनावणीला येत राहिले. डॉक्टरांची रिक्त पदं, रस्ते, वीज, स्त्रीरोगतज्ज्ञ अशा एकेका गोष्टीवर सरकारला शपथपत्रं द्यावी लागली. जी पदं भरली गेली, त्यातली काही तरी तारीख जवळ आली म्हणूनच भरली गेली असणार.

आणि मोजणारी बाई, म्हणजे अंगणवाडी सेविका? ती अजून मानधनावर आहे. ग्रॅच्युइटीचा हक्क तिला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये गुजरातमधल्या प्रकरणात सांगितलं. तरी डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर गेल्याच, आणि मागण्यांत ग्रॅच्युइटी होतीच. त्याआधी ऑगस्ट 2021 मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या इंग्रजी ॲपमध्ये, सरकारने दिलेल्या निकृष्ट मोबाइलवर भरायच्या होत्या. फोन तापायचे, बंद पडायचे, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या गळ्यात. जिल्ह्याजिल्ह्यांत सेविका प्रकल्प कार्यालयात गेल्या आणि त्यांनी ते फोन साहेबांच्या टेबलावर परत ठेवले.