पोकर ॲपमध्ये अडकलेली शिल्लक कशी काढायची: पात्रता, कागदपत्रे आणि तक्रारीचा मार्ग

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची संमती. पैसे लावून खेळायचे पोकर, रमी, फँटसी सगळे एका आठवड्यात बंद झाले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, या जुन्या वादात हा कायदा पडतच नाही. पैसे लावले की बंदी लागू. पोकरबाझी ॲपने पोकरची टेबले बंद केली, एमपीएल ॲपने नवे पैसे घेणे थांबवले आणि शिल्लक काढून घ्या असे सांगितले. ज्यांनी त्याच आठवड्यात काढली त्यांचा प्रश्न मिटला. ज्यांचे केवायसी अर्धवट होते किंवा ज्यांची विनंती ‘प्रक्रियेत आहे’ यापुढे सरकलीच नाही, त्यांच्यासाठी ही माहिती.

आधी मनातली भीती काढून टाका. या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्याला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आपलेच पैसे परत मागितले म्हणून कोणी तुमच्यावर गुन्हा दाखल करणार नाही. घरच्यांना कळेल म्हणून गप्प बसणारे बरेच असतात, तो भाग वेगळा.

वॉलेटमधला आकडा फोडून बघा

स्क्रीनवर एकच आकडा दिसत असला तरी त्यात तीन वेगवेगळ्या रकमा असतात: तुम्ही भरलेले पैसे, जिंकलेले पैसे आणि बोनस. तिघांचे नियम वेगळे, आणि ‘माझे एवढे अडकलेत’ म्हणून होणारे निम्मे भांडण इथूनच सुरू होते.

बोनसवर वेळ घालवू नका. तो कंपनीच्या अटींनुसार मिळतो आणि बहुतेक ठिकाणी तो फक्त खेळण्यापुरताच असायचा. खेळच बंद झाल्यावर त्याचे रोखीत रूपांतर होत नाही. यात एक चुटपुट लावणारी गोष्ट मात्र आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. १,००० रुपये भरले की त्यातले २१८ रुपये ७५ पैसे कर म्हणून जायचे आणि खेळायला ७८१ रुपये २५ पैसे उरायचे. कित्येक कंपन्या ही तूट बोनस म्हणून भरून द्यायच्या, त्यामुळे ती कुणाला जाणवली नाही. आता शिल्लक काढताना तो बोनस बाद होतो आणि आकडा एकदम कमी दिसतो. जीएसटी परत मिळेल का? नाही. खेळाडूने रक्कम वापरली नाही आणि कंपनीने ती परत केली, तरी ज्या रकमेवर कर लागतो ती कमी होत नाही, असे जीएसटी नियमावलीतील नियम ३१ब स्पष्ट सांगतो.

भरलेली रक्कम न खेळता परत काढू द्यायची नाही, अशी अट पूर्वी अनेक ॲपवर असायची. क्रेडिट कार्डाचे पैसे फिरवून रोख करणाऱ्यांना आळा घालण्यासाठी ती ठीक होती. टेबलच बंद असताना तीच अट दाखवून पैसे रोखले जात असतील, तर ते सरळ लेखी तक्रारीचे कारण आहे.

जिंकलेल्या रकमेवर टीडीएस, म्हणजे पैसे हातात देण्याआधीच वळता केला जाणारा आयकर, कापला जातो. एप्रिल २०२३ पासून आयकर कायद्याचे कलम १९४बीए लागू झाले: निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के. समजा १ एप्रिल २०२५ रोजी खात्यात २०,००० होते, वर्षात तुम्ही आणखी ३०,००० भरले आणि ऑगस्टमध्ये एकदम ८०,००० काढायला गेलात. ८०,००० मधून ५०,००० वजा केले की निव्वळ ३०,००० उरतात. त्यावर ९,००० कापून ७१,००० खात्यात जमा व्हायला हवेत. ८०,००० च्या ३० टक्के, म्हणजे २४,००० कापले असतील तर हिशेब चुकलाय. आणि तुम्ही ४५,००० च काढले असते तर त्या वेळी कपात शून्य.

पैसे काढलेच नाहीत तरी कर टळत नाही. ३१ मार्चला जी शिल्लक पडून असेल ती धरून वर्षाचा हिशेब होतो आणि कपात त्या दिवशीही होते. मार्चनंतर शिल्लक अचानक घटलेली दिसली, तर ॲपला शिव्या घालण्याआधी फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावे कापलेल्या कराचा उतारा, बघा.

नावातला घोळ

लागणारी कागदपत्रे मोजकीच: पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचे पहिले पान, आणि खाते उघडताना दिलेला मोबाइल नंबर चालू स्थितीत. वय १८ च्या वर, आणि एका माणसाचे एकच खाते. भावाच्या पॅनवर दुसरे खाते काढून खेळला असाल, तर त्या खात्यातले पैसे कागदोपत्री भावाचे, आणि तेही कंपनीने दोन्ही खाती गोठवली नाहीत तर.

अडते ते नावावर. कंपनी तुमच्या बँक खात्यात एक रुपया पाठवते आणि बँकेकडून आलेले नाव पॅनवरच्या नावाशी ताडून बघते. आपल्याकडे पासबुकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पॅनवर क्रम उलटा. आधारवर वडिलांचे नावच गायब. क्रमाचा फरक बहुधा चालून जातो, कारण ग्राहक सेवेतला माणूस पासबुकाचा फोटो बघून मान्यता देऊ शकतो. लग्नानंतरचे नाव हा खरा अडसर. पॅनवर माहेरचे आडनाव आणि बँकेत सासरचे असेल, तर आधी दोन्हीकडचे नाव एक करून घ्या. त्यासाठी विवाह नोंदणी दाखला पुरतो, राजपत्रात नाव छापून आणायच्या मागे लागू नका. पतसंस्थेतले खाते देऊ नका. पतसंस्थेला स्वतःचा आयएफएससी कोड नसतो, पैसे परत फिरतात. राष्ट्रीयीकृत किंवा शेड्यूल्ड बँकेतले, एकट्याच्या नावाचे बचत खाते सगळ्यात सोपे.

पैसे येत नसतील तर

चॅटवर भांडू नका, ईमेल करा. प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता ॲपच्या अटींच्या पानावर असतो. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ नुसार २४ तासांत पोच द्यायची असते; निकालाची मुदत आधी १५ दिवस होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनंतर ती ७ दिवस आहे. मजकूर कोरडा ठेवा: युजर आयडी, नोंदणीचा मोबाइल, पैसे काढण्याच्या विनंतीची तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक. त्याच ईमेलमध्ये पूर्ण व्यवहारांचा उतारा आणि टीडीएस कापल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म १६ए, मागा. ॲप उघडतेय तोवर शिल्लक आणि विनंतीची स्थिती दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

हा कागदोपत्री उपद्व्याप कशासाठी, ते फुल टिल्ट पोकरने दाखवून दिलेय. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने त्या साइटवर कारवाई केली. पुढे न्याय विभागाने न्यायालयात सांगितले की खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे असताना बँकेत जेमतेम ६ कोटी होते. अमेरिकी खेळाडूंना अर्ज करायला खिडकी उघडली ती सप्टेंबर २०१३ मध्ये, आणि पहिले पैसे फेब्रुवारी २०१४ अखेर मिळाले. नोंदीतली शिल्लक मान्य असणाऱ्याचे काम सोपे होते. ‘माझे याहून जास्त होते’ म्हणणाऱ्याला पुरावे जोडावे लागले.

कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘अटींनुसार वाद लवादापुढे, तोही गुरुग्राम किंवा बेंगळुरूत’ असे उत्तर आले तर दबू नका. लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात सांगितले आहे. मागणी लिहिताना मात्र भरलेले आणि जिंकलेले पैसे दोन वेगळ्या ओळींत मांडा. जिंकलेल्या पैशांवर कंपनी करार कायद्याच्या कलम ३० चा आडोसा घेऊ शकते, कारण पैजेत जिंकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी दावा चालत नाही. भरून न वापरलेल्या पैशांना तो आडोसा पुरत नाही.

परदेशी साइट आणि एजंटमार्फत चालणारे क्लब ॲप यांना यातले जवळजवळ काहीच लागू पडत नाही. तिथली शिल्लक म्हणजे एजंटचा शब्द. ‘पैसे सोडवायला आधी ३० टक्के कर आमच्या खात्यात भरा’ असा निरोप आला तर तो लुबाडायचा धंदा आहे. टीडीएस नेहमी तुमच्या रकमेतून कापला जातो, वेगळा मागितला जात नाही. असे पैसे भरून बसला असाल तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पैसे मिळाल्यावर विवरणपत्राचे काम उरते. जिंकलेल्या पैशांचे उत्पन्न आयटीआर-१ मध्ये दाखवता येत नाही, आयटीआर-२ किंवा ३ लागतो. मूळ सवलत मर्यादेचा फायदा नाही, त्यामुळे एकूण उत्पन्न कमी असले तरी कापलेला कर परत मिळत नाही. उलट करावर ४ टक्के उपकर असतो आणि तो टीडीएसमध्ये धरलेला नसतो. वरच्या उदाहरणात ९,००० कापले गेलेत, आणखी ३६० रुपये स्वतः भरायचे आहेत.