गोदामाचा पंचनामा : खानदेशातील उद्योग-व्यापार आणि बदलत्या हवामानाची पार्श्वभूमी

नंदुरबारच्या मिरचीचा हंगाम ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना शहराबाहेरच्या पथाऱ्या ठाऊक आहेत. बाजार समितीत लिलाव झालेली ओली लाल मिरची व्यापारी मोकळ्या मैदानावर पसरवतो. मजूर ती दिवसभरात उलथतात, कडेला बसलेल्या बाया देठ खुडतात, आणि उन्हाने साथ दिली तर काही दिवसांत ती मिरची पोत्यात भरण्याजोगी होते. डिसेंबर-जानेवारीत अवकाळी पावसाची एक सर आली, की हाच माल काळा पडतो, त्याला बुरशी धरते आणि रंगावर ठरणारा त्याचा भाव कोसळतो. त्याच सरीने शेजारच्या शेतातील पीक आडवे झाले तर तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतात. पथारीवरची मिरची मात्र लिलावानंतर पीक राहिलेली नसते, ती व्यापाऱ्याचा माल झालेली असते, आणि पिकाच्या पंचनाम्यात मालाला रकाना नसतो. खानदेशातील उद्योग-व्यापाराला बदलत्या हवामानासाठी तयार करण्याची चर्चा आज सुरू झाली आहे. तिची मुळे या न भरल्या गेलेल्या रकान्यात आहेत, आणि तो रिकामा का राहिला हे समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

हवामानाच्या इशाऱ्यांची आपल्या देशातील सुरुवात व्यापारासाठीच झाली होती. १८६४ च्या चक्रीवादळाने कोलकात्याच्या बंदरातील जहाजांची धूळधाण केली, त्यानंतर बंदरांसाठी वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था उभी राहिली. १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिल्यावर, १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र हवामान पत्रिका १९४५ पासून निघू लागली. म्हणजे आधी जहाजाला आणि मग शेताला इशारा मिळाला. देशाच्या आतल्या भागात जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा कारखाना, चालवणारा, डाळ भरडणारा किंवा केळी भरून गाड्या रवाना करणारा मधला माणूस या क्रमात कुठेच आला नाही.

खानदेशात हा मधला माणूस मोठ्या संख्येने याच काळात तयार होत होता. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे जिल्ह्याचे ठिकाण केले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा खानदेशच्या कापसाला अचानक भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोहोचली, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती खोऱ्यातील रेल्वेने सुरतेकडची वाट उघडली. जळगाव, अमळनेर, धुळे या गावांत सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने, मग कापड गिरण्या, तेलाच्या घाण्या आणि गिरण्या उभ्या राहिल्या. १९४५ च्या डिसेंबरात अमळनेरला वनस्पती तेलाची एक कंपनी स्थापन झाली, आणि पुढे तीच विप्रो या नावाने जगभर गेली. त्या कंपनीचा पहिला कच्चा मालही याच प्रदेशाच्या तेलबियांतून यायचा, आणि तेलबिया पावसावर अवलंबून होत्या.

ज्या वर्षांत हा व्यापार वाढत होता, त्याच वर्षांत हवामानाने त्याला वेळोवेळी जमिनीवर आणले. १८७२ च्या पांझरेच्या पुराने धुळे शहराची मोठी हानी झाली. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळांनी गावे ओस पडली. या आपत्तींतून सरकारी मदतीची जी चौकट तयार झाली, तिचा साचा आजवर टिकला आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता आली. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा यांतून विहिरीसाठी, बैलांसाठी, बियाण्यासाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळू लागली. तगाई हा शब्द खानदेशातील जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही आहे. या चौकटीचे दोन गुण ध्यानात घेण्यासारखे आहेत : ती जमीन कसणाऱ्यासाठी होती, आणि बहुतांशी ती संकट येऊन गेल्यावर हलत असे. उपासमारीच्या काळात आधी माणूस आणि शेत वाचवणे हेच योग्य होते, त्यामुळे त्या वेळच्या निर्णयाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु स्वातंत्र्यानंतरही, १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीसारखी थोर योजना महाराष्ट्राने देशाला दिली तेव्हाही, शेतमालावर उभा असलेला कारखानदार, आडत्या आणि त्यांच्याकडे राबणारा कामगार या मांडणीच्या बाहेरच राहिला.

आधीच तयारी करण्याची परंपरा मात्र खानदेशात सरकारपेक्षा जुनी आहे. पांझरा, मोसम, कान या नद्यांवरील बंधाऱ्यांतून चालणारी फड पद्धती काही शतके जुनी आहे. बंधाऱ्यावरून पाटाने येणारे पाणी ज्या क्षेत्राला मिळते त्याचे फड, म्हणजे भाग, पाडलेले असतात. कोणत्या फडात या वर्षी कोणते पीक घ्यायचे, पाणी कमी असेल तर कोणता फड कोरडा ठेवायचा, हे लाभधारक एकत्र बसून हंगामाआधी ठरवतात, आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी सोडतो. ज्याची जमीन कोरड्या फडात जाते त्याचीही पाणी मिळणाऱ्या फडात जमीन असते, म्हणून तोटा एकाच घरावर कोसळत नाही. पाण्याची टंचाई येणारच हे गृहीत धरून, ती यायच्या आधी तिची वाटणी ठरवणारी ही संस्था आहे. हवामानाच्या जोखमीचे नियोजन म्हणून आज जे तज्ज्ञ शिकवतात त्याचा गाभा इथल्या शेतकऱ्याने पाटाच्या कडेला बसून शोधला होता, असे मला नेहमी वाटते. व्यापारी पेठांत अशी कोणतीही सामूहिक व्यवस्था उभी राहिली नाही. प्रत्येकाने आपापल्या गोदामावर आपापली ताडपत्री टाकली.

जागतिक पातळीवर उद्योगांना हवामानबदलासाठी सज्ज करण्याचा विचार १९९० च्या दशकात आकाराला आला. ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये ‘यूके क्लायमेट इम्पॅक्ट्स प्रोग्राम’ सुरू झाला आणि हवामानाचा आपल्या कामावर काय परिणाम होईल हे स्वतः तपासण्याची साधने त्याने स्थानिक संस्थांच्या आणि उद्योगांच्या हाती दिली. भारतात २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि २००८ ची हवामानबदलविषयक राष्ट्रीय कृती योजना हे टप्पे महत्त्वाचे ठरले. मोठ्या कंपन्यांकडून हवामानाच्या जोखमीची माहिती मागण्याची पद्धत पुढे शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने रूढ केली. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना आता पर्यावरणविषयक तपशील दरवर्षी द्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकांनी आपल्या कर्जांतील हवामानाची जोखीम उघड करावी असा मसुदा काढला. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटईच्या छोट्या कारखान्यापर्यंत यातले थेट काही येत नाही. बँक आपल्या कर्जदाराला प्रश्न विचारू लागेल तेव्हा ते येईल.

खानदेशापुरते बोलायचे तर खरा बदल केळीमुळे झाला. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा पट्टा देशातील केळीच्या प्रमुख पट्ट्यांपैकी एक आहे, आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळी हे हवामानाला अतिशय हळवे पीक आहे. थंडीत पारा फार खाली गेला की घडाची वाढ थांबते आणि फळाची साल काळवंडते. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेला की पाने करपतात, घड सटकतात. पावसाळ्याच्या तोंडावरचे वादळ एका रात्रीत उभी बाग आडवी करते. म्हणून इथला शेतकरी बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावून वारा अडवतो आणि घडांना पिशव्या घालतो. २००७ मध्ये देशात प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेला हवामान आधारित पीक विमा २०१६ मध्ये नव्या रूपात आला, आणि त्यात केळीसाठी कमी तापमान, जास्त तापमान, वेगाचा वारा आणि गारपीट हे धोके धरले गेले. यातील तापमानाच्या धोक्यांत नुकसान डोळ्यांनी पाहून ठरत नाही. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे सलग ठरलेले दिवस राहिले, तर भरपाई देय होते. त्यासाठी प्रत्येक महसूल मंडळात मोजमाप हवे होते, आणि महावेध प्रकल्पातून राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही, मराठवाडा आणि विदर्भातील जिल्ह्यांबरोबर जळगाव जिल्ह्याचा समावेश झाला.

हे सारे मोलाचे आहे, आणि मी त्याचे मनापासून स्वागत करतो. तरीही वादळाने बाग पडते तेव्हा शेतकऱ्याच्या पाठोपाठ कोण कोण बसते, याचा विचार करावा. घड कापणारी टोळी, केळी धुऊन खोक्यात भरणारे पॅकिंग केंद्र, शीतगृह, गाड्यांचे मालक, सावद्याहून दिल्लीच्या बाजाराकडे माल पाठवणारे व्यापारी, या सर्वांचा हंगाम त्याच रात्री संपतो. हवामान केंद्राने नोंदवलेला वाऱ्याचा वेग त्यांच्यासाठीही तोच असतो, पण त्या नोंदीवर त्यांना कोणताही दावा करता येत नाही.

जिनिंगची गोष्ट थोडी निराळी आहे. कापसातील ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास असावा, ही खरेदीची सर्वसाधारण अपेक्षा असते. दिवाळीनंतरच्या पावसात वेचणीला आलेला किंवा अंगणात पडलेला कापूस भिजला की तो कमी भावाने जातो, रुईचा दर्जा घसरतो आणि कारखाना अर्ध्या क्षमतेने चालतो. उन्हाळ्यात धोका उलटा होतो : वाळलेल्या कापसाच्या उघड्यावरच्या ढिगाला एक ठिणगी पुरते. जळगावच्या डाळ उद्योगातही वाळवण हाच नाजूक टप्पा आहे. तुरीला तेलपाणी लावून ती मोकळ्या ओट्यावर उन्हात टाकली जाते, आणि आभाळ भरून आले की फावडी आणि ताडपत्र्या घेऊन सगळे कामगार एकदम धावतात. ज्यांनी यांत्रिक ड्रायर बसवले त्यांची ही धावपळ संपली, पण वीज आणि इंधनाचा खर्च वाढला, आणि तो लहान गिरणीला झेपत नाही.

उष्णतेचा प्रश्न सर्वांना सारखा भिडतो. सपाट प्रदेशात पारा किमान ४० अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढला, किंवा थेट ४५ अंशांवर गेला, की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. भुसावळ-जळगावला मेमध्ये ४० अंश ही बातमीच होत नाही. पत्र्याच्या शेडखाली, प्लॅस्टिक वितळवणाऱ्या यंत्राशेजारी चटईचा कामगार उभा असतो, तेव्हा त्याच्या अंगाला जाणवणारा पारा सरकारी पाऱ्यापेक्षा कितीतरी वर असतो. कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम १३ ने कामाच्या जागी पुरेशी हवा आणि सुसह्य तापमान राखण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. अहमदाबादने २०१० च्या लाटेनंतर २०१३ मध्ये देशातील पहिला उष्णता कृती आराखडा केला, आणि महाराष्ट्रातही असे आराखडे झाले. मे २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यात प्रशासनाने उन्हापासून कामगारांच्या संरक्षणासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आदेश काढले. त्यामुळे उष्णता हा मालकाच्या मर्जीचा प्रश्न राहिला नाही. छपराला पांढरा रंग देणे, वर उष्णतारोधक थर बसवणे, पाळ्यांच्या वेळा पहाटे आणि संध्याकाळी नेणे हे उपाय स्वस्त आहेत. पण ते मार्चमध्ये करायचे असतात, आणि आपल्याकडे त्यांची आठवण मेमध्ये होते.

पाण्याचा धोका पूर आणि टंचाई अशा दोन्ही अंगांनी येतो. तापीवरील हतनूर धरण गाळाने भरत चालले आहे, आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रासह अनेकांची भिस्त तिथल्या पाण्यावर आहे. दुसरीकडे ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने चाळीसगाव शहर आणि तालुक्यात पाणी घुसले, आणि त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक थांबली. नदीकाठच्या बाजारपेठेत पाणी शिरते तेव्हा हिशेबाच्या वह्या, उधारीच्या नोंदी आणि तळाच्या फळीवरचा माल आधी जातो. ज्याने ते वर ठेवलेले असते त्याचे दुकान महिनाभर आधी उघडते. त्याच वर्षी जुलैच्या पुरानंतर, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातील नुकसानग्रस्त दुकानदारांना ५० हजार रुपयांपर्यंत आणि टपरीधारकांना १० हजारांपर्यंत मदत राज्याने जाहीर केली. रक्कम लहान होती, पण आपत्तीच्या मदतीत दुकानाची दखल घेतली गेली. १८८० नंतरच्या चौकटीत हे मोठे पाऊल आहे.

विम्याच्या बाजूनेही एक दार उघडले आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी सर्व सामान्य विमा कंपन्यांना बंधनकारक केल्या. पहिली ५ कोटींपर्यंतच्या आणि दुसरी ५० कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आहे. आगीबरोबर पूर आणि वादळ हे धोके त्यांत धरलेले आहेत, आणि इमारत, यंत्रे, साठा असे सगळे त्यांच्या कक्षेत येऊ शकते. पत्र्याखालील उष्णतेने बुडालेल्या पाळ्या त्यात येत नाहीत, आणि मोकळ्यावर वाळणाऱ्या मालाचे काय, हे पॉलिसी घेतानाच कंपनीकडून लेखी विचारून घेतले पाहिजे.

नंदुरबारच्या पथारीवर परत येऊ. हवामान विभागाचे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे आज बहुतेकांच्या मोबाइलवर आदल्या संध्याकाळी येतात. पसरलेली मिरची गोळा करून झाकायला, मजूर हाताशी असतील तर, काही तास लागतात. मजूर मात्र संध्याकाळी घरी गेलेले असतात. रात्री कोणी कोणाला बोलवायचे, ताडपत्र्या कुठे ठेवायच्या, आधी कोणाची पथारी झाकायची आणि शेवटी राहिलेल्याचे नुकसान सर्वांनी मिळून कसे भरायचे, हे फडासारखे हंगामाआधी ठरलेले नाही.