प्रदेश, परिस्थिती आणि स्त्रियांचे हार्मोन: एका प्रश्नाची पार्श्वभूमी

राहण्याचा प्रदेश आणि परिस्थिती बदलली की स्त्रियांच्या अंडाशयाच्या हार्मोनची पातळीही बदलते का, हा तो प्रश्न. उष्ण प्रदेशातल्या मुली लवकर वयात येतात, ही समजूत अठराव्या शतकातल्या युरोपात चांगलीच मुरलेली होती. फ्रेंच विचारवंत मॉन्तेस्क्यूने १७४८ साली कायद्यांवरच्या ग्रंथात ती थेट आधाराला घेतली: उष्ण हवेत मुली आठ-नऊ-दहाव्या वर्षीच लग्नाच्या होतात, म्हणून तिकडे बहुपत्नीत्व. याला पुरावा होता तो प्रवाशांच्या सांगोवांगीचा. मँचेस्टरचे डॉक्टर जॉन रॉबर्टन यांनी १८३० च्या दशकापासून वेगवेगळ्या देशांतली पहिल्या पाळीच्या वयाची माहिती गोळा केली आणि हवामानाला दिलं जाणारं श्रेय अवाजवी आहे, असं ठणकावून सांगितलं. पुढच्या नोंदींनी त्यांची बाजू भक्कम केली. नॉर्वेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पहिली पाळी सरासरी सोळा-सतराव्या वर्षी यायची, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती तेराव्या वर्षाच्या आसपास येऊ लागली. अक्षांश तोच, थंडी तीच. बदललं होतं ते खाणं, आजारपणं आणि अंगमेहनत.

मात्र पहिल्या पाळीचं वय हा ढोबळ निर्देशक आहे. नंतरच्या वीस-तीस वर्षांत अंडाशय किती जोमाने काम करतो, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी हार्मोन मोजायला हवेत आणि तिथे बराच काळ सगळं अडून होतं. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाअखेरीस इन्सुलिनसाठी रेडिओइम्युनोअसे ही किरणोत्सारी खुणेच्या आधारे हार्मोन मोजण्याची पद्धत विकसित केली (यॅलो यांना १९७७ चं नोबेल मिळालं, बर्सन त्याआधीच वारले होते). काही वर्षांत ती इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनसारख्या, अंडाशयातून स्रवणाऱ्या स्टेरॉइड हार्मोनपर्यंत पोहोचली आणि अगदी सूक्ष्म प्रमाणही मोजता येऊ लागलं.

तरी रोज रक्त काढणं शेतावर राबणाऱ्या बाईच्या बाबतीत जमणारं नव्हतं. एकदाच काढलं तर आकडा दगा देतो. निरोगी स्त्रियांचं चोवीस तास, दर दहा मिनिटांनी रक्त तपासलं गेलं तेव्हा पाळीच्या उत्तरार्धात एकाच दिवसात प्रोजेस्टेरॉन २.३ पासून ४०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत हेलकावे खाताना दिसलं. १९८४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एका नमुन्यावरून दोन देशांची तुलना करणाऱ्या कोणत्याही दाव्याकडे संशयाने बघावं, ते याचसाठी.

वाट सापडली लाळेत. प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं हार्मोन तेवढं लाळेत उतरतं, म्हणजे रक्तातल्या एकूण प्रमाणाच्या जेमतेम एक-दोन टक्के. हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ पीटर एलिसन यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत गावोगावी नेली. कृती साधी आहे, पण शिस्त मागते. बाईने सकाळी ठरलेल्या वेळी पाण्याने चूळ भरायची, थोडं थांबायचं आणि काही मिलिलिटर लाळ नळीत सोडायची. नळीत आधीच चिमूटभर सोडियम अझाइड घातलेलं असतं, त्यामुळे जंतू वाढत नाहीत आणि फ्रीज नसलेल्या ठिकाणीही नमुना महिनोन्महिने टिकतो. हे पूर्ण पाळीचक्रभर रोज किंवा दिवसाआड करायचं आणि पाळी सुरू झाल्याच्या तारखा लिहून ठेवायच्या.

घोळ होतो तो इथेच. हिरड्यांतून रक्त येत असेल तर त्या थेंबातलं हार्मोन लाळेतल्या प्रमाणाला झाकून टाकतं, म्हणून गुलाबी झाक आलेला नमुना बाद. कापसाच्या बोळ्याने लाळ टिपली तर कापूसच निकाल बिघडवतो. नंतर स्वस्त एन्झाइम पद्धती आल्या, त्यांत वापरलेल्या पेरॉक्सिडेझ या एन्झाइमचं काम अझाइड बंद पाडतं. म्हणजे नमुना टिकवणारी गोष्टच मोजणी पाडते. शिवाय दिवस मोजायचे ते उलटे, पुढच्या पाळीपासून मागे, कारण अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतरचा काळ साधारण दोन आठवड्यांचा, बराचसा ठरलेला असतो. लांबतं-आखूडतं ते त्याआधीचं. पाळीच्या पहिल्या दिवसापासून सरळ मोजलं तर वेगवेगळ्या स्त्रियांचे उच्चांक एकमेकांवर बसत नाहीत आणि सरासरी उगाच सपाट दिसते. दोन ठिकाणचे नमुने दोन वेगळ्या प्रयोगशाळांत तपासले असतील तर निघालेला फरक स्त्रियांचा की रसायनांचा, हे सांगता येत नाही.

मोजायचं तर प्रोजेस्टेरॉनच का? बीज बाहेर पडल्यावर अंडाशयात उरलेल्या पिवळ्या पिंडातून ते स्रवतं. त्यामुळे या एकाच हार्मोनच्या नोंदींतून बीज सुटलं की नाही आणि त्यानंतरचा काळ किती सकस होता, दोन्ही कळतं.

एलिसन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तीन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवले: बॉस्टन, कांगोतल्या (तेव्हाच्या झाईरेतल्या) इतुरी जंगलातल्या लेसे शेतकरी स्त्रिया आणि नेपाळातल्या तामांग स्त्रिया. बॉस्टनची पातळी सर्वांत वर निघाली. मला यातलं मोलाचं वाटतं ते वेगळंच: वयानुसार चढ-उताराचा आकार तिन्हीकडे सारखा होता. विशीच्या आधी कमी, पंचविशी ते पस्तिशीत सर्वाधिक, मग उतार. यंत्रणा एकच, फक्त ती वेगवेगळ्या उंचीवर चालते. लेसे गावांत कापणीआधीच्या टंचाईत वजन घटलं की बीज न सुटलेल्या पाळ्या वाढत. तामांग स्त्रियांमध्ये पावसाळ्यातल्या कामाच्या हंगामात ज्यांचं वजन उतरलं, त्यांचं प्रोजेस्टेरॉनही उतरलं.

तोवर या प्रश्नावर पकड होती ती अमेरिकी संशोधक रोझ फ्रिश यांच्या चरबीच्या सिद्धांताची. शरीरात १७ टक्के चरबी असल्याशिवाय पहिली पाळी नाही आणि २२ टक्क्यांखाली ती नियमित राहत नाही, असं १९७४ मध्ये मांडलं गेलं. आकडे सुटसुटीत असल्याने ते पाठ्यपुस्तकांत रुजले, पण ती चरबी मोजलेली नव्हती, उंची आणि वजनाच्या सूत्रातून काढलेली होती. त्याला मोठा धक्का दिला पोलंडमधून आलेल्या निष्कर्षांनी. ग्राझिना यासेन्स्का आणि एलिसन यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की नीट खाणाऱ्या, वजन न घटलेल्या शेतकरी स्त्रियांचंही प्रोजेस्टेरॉन उन्हाळी कापणीच्या जड कामात खाली येतं. म्हणजे साठा किती, याच्याइतकाच रोजचा खर्च किती, हाही प्रश्न आहे.

शरीराला हे कळतं कसं, याचं उत्तर मेंदूत आहे. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाच्या भागातून ठरावीक अंतराने, चक्राच्या पूर्वार्धात साधारण तासा-दीड तासाने, ठोक्यांसारखे हार्मोनचे संदेश सुटतात. त्यावर मेंदूखालची पिट्युइटरी ग्रंथी चालते आणि तिच्यावर अंडाशय. ॲन लाउक्स यांच्या २००३ च्या प्रयोगात तरुणींना पाच दिवस मोजकं खाणं आणि ठरवलेला व्यायाम दिला गेला. व्यायामाचा खर्च वजा जाता दर किलो चरबीविरहित वजनामागे रोज ३० किलोकॅलरींपेक्षा कमी उरलं, की हे ठोके विरळ होऊ लागले. अंगावरची चरबी पाच दिवसांत फारशी बदलत नाही, ठोके बदलले.

स्तनपानानेही अंडाशयाचं काम असंच मंदावतं. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या कुंग जमातीच्या स्त्रियांवरचा अभ्यास १९८० मध्ये आला. बाळ तासाभरात अनेकदा, थोडा थोडा वेळ पितं आणि आईचे अंडाशयाचे हार्मोन दीर्घकाळ दबलेले राहतात. मालीतल्या डोगोन स्त्रियांमध्ये बेव्हर्ली स्ट्रासमन यांना आयुष्यभरात साधारण शंभरच पाळ्या आढळल्या. पाश्चात्त्य शहरांत हा आकडा चारशेच्या घरात जातो. उत्तर फिनलंडमध्ये अंधाऱ्या हिवाळ्यात अंडाशयाचं काम मंदावल्याच्या नोंदी आहेत, पण प्रकाशाचा वाटा अन्न-श्रमापुढे लहान वाटतो.

मोठ्या वयात जागा बदलली तर पातळी बदलते का? अलेहांद्रा नुन्येझ दे ला मोरा आणि जिलियन बेंटली यांनी २००७ मध्ये बांगलादेशातल्या सिल्हेट आणि लंडनमधल्या स्त्रियांची तुलना केली: सिल्हेटमध्येच राहिलेल्या, मोठेपणी लंडनला आलेल्या, लहानपणी आलेल्या, लंडनमध्ये जन्मलेल्या बांगलादेशी वंशाच्या आणि शेजारच्या गोऱ्या स्त्रिया. मोठेपणी आलेल्यांचं प्रोजेस्टेरॉन सिल्हेटकरांसारखंच कमी राहिलं. लहानपणी आलेल्यांचं वर गेलं. वंश एक, शहर एक, फरक बालपणाचा. सिल्हेटमधल्या या स्त्रिया खाऊनपिऊन सुखी घरातल्या होत्या, म्हणून संशोधकांचा रोख उपासमारीपेक्षा लहानपणच्या जंतुसंसर्गांकडे वळला. वाढीच्या वयात शरीराची शक्ती रोगांशी लढण्यात गेली, तर अंडाशय कमी पातळीवर स्थिरावतो.

कमी म्हणजे बिघडलेलं, असा अर्थ इथे हमखास काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. व्हर्जिनिया विट्झम यांनी बोलिव्हियाच्या पठारावर, सुमारे ४,००० मीटर उंचीवर, गर्भ राहिलेल्या चक्रांतलंच प्रोजेस्टेरॉन मोजलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात ते शिकागोच्या स्त्रियांपेक्षा कमी निघालं, तरी गर्भ राहिला आणि टिकला. नेमकी किती पातळी पुरेशी, हे त्या बाईच्या नेहमीच्या पातळीवर ठरतं, परक्या शहरातून आणलेल्या रेषेवर नाही.

उलट, जास्त पातळीचीही किंमत असते. यासेन्स्का आणि इंगर थून यांनी २००१ मध्ये वेगवेगळ्या देशांतलं प्रोजेस्टेरॉन आणि स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण समोरासमोर ठेवलं, तेव्हा दोन्ही बरोबरीने चढताना दिसले. देशांच्या सरासऱ्यांवरून कारण सिद्ध होत नाही, पण आशियातून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत पिढीगणिक हा धोका वाढत गेल्याचं स्वतंत्रपणे नोंदलेलं आहे.

रोजच्या वैद्यकीय तपासणीत यातलं फार थोडं उतरलंय. प्रोजेस्टेरॉनची तपासणी अजूनही सरसकट ‘एकविसाव्या दिवशी’ लिहून दिली जाते. तो दिवस २८ दिवसांच्या पाळीला लागू. ३५ दिवसांची पाळी असेल तर त्या दिवशी बीज बहुधा नुकतंच सुटलेलं असतं किंवा सुटायचंच असतं, आणि आकडा कमी येणारच. नमुना पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी द्यायचा, म्हणजे अशा बाईने अठ्ठाविसाव्या दिवशी. नंतर पाळी प्रत्यक्षात कधी आली तेही डॉक्टरांना कळवायचं, कारण ती तारीख हाती येईपर्यंत त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.