रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्थान

बडोद्याच्या मौलाबक्ष घराण्यातील तरुणांचा, अमेरिका व यूरोपात फिरलेला अल्पायुषी वाद्यवृंद. काळ साधारणतः १९१० ते पहिल्या महायुद्धाची अखेर. इनायत खाँ (गायन व वीणा, १८८२–१९२७), त्यांचे धाकटे बंधू महेबूब खाँ (१८८७–१९४८) व मुशर्रफ खाँ (१८९५–१९६७) आणि नात्याने भाऊ महंमद अली खाँ (१८८१–१९५८) हे घरचे चौघे. तबल्याची साथ रामस्वामी नावाच्या वादकाची. तो पुढे परदेशात येऊन मिळाला.

नावातील ‘रॉयल’ या शब्दाची संगती दोन प्रकारे लावतात. कौटुंबिक परंपरेनुसार इनायत व त्यांच्या बंधूंचे आजोबा मौलाबक्ष (१८३३–९६) यांची पत्नी कासिमबी टिपू सुलतानाच्या वंशातली होती. समकालीन कागदांचा आधार या कथेला फारसा नाही. शिवाय ती खरी धरली तरी नाते आजीकडून येते. त्यामुळे इनायत यांना सरसकट ‘टिपूचे वंशज’ म्हणणाऱ्या चरित्रकारांनी हात जरा सैलच सोडला आहे. दुसरी संगती दरबाराची, आणि तीच अधिक ग्राह्य वाटते. मौलाबक्ष हे सयाजीराव गायकवाडांचे दरबारी गवई व १८८६ मध्ये निघालेल्या बडोद्याच्या गायनशाळेचे प्रमुख. पलुसकरांचे लाहोरचे गांधर्व महाविद्यालय त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०१ मध्ये निघाले. मौलाबक्षांच्या शाळेत गाणे वर्गात बसून, स्वरलेखनाच्या आधारे शिकवले जाई. नातू बडोद्याच्या याकूतपुऱ्यातील मौलाबक्षांच्याच घरात वाढले. इनायत पुढे त्या शाळेत शिकवूही लागले. हैदराबादेत त्यांनी अबू हाशिम मदनी यांच्याकडून चिश्ती या सूफी परंपरेची दीक्षा घेतली. परदेशगमनामागे या मुर्शिदांची (सूफी गुरूंची) आज्ञा होती, असे सांगतात.

१३ सप्टेंबर १९१० रोजी मुंबईहून प्रयाण. १९११ मध्ये नर्तकी रूथ सेंट डेनिस हिच्या अमेरिकेतील दौऱ्यात वृंदाने साथ केली. तिची ‘भारतीय’ नृत्ये तिचीच कल्पना होती आणि राग-तालाला तिथे प्रेक्षक करमणूक म्हणूनच घेत. इनायत यांना ते सलत असे. पुढे पॅरिसला नर्तकी माता हारी हिच्या कार्यक्रमातही वृंद वाजला. मग मॉस्को, आणि १९१४ पासून लंडन.

उत्तरायुष्यात मैफलीपेक्षा सूफी प्रवचनाला स्थान मिळत गेले. इनायत यांनी वीणा हळूहळू खाली ठेवली. त्यांच्यानंतर, त्यांनीच उभारलेल्या सूफी चळवळीचे नेतृत्व १९२७ मध्ये महेबूब, १९४८ मध्ये महंमद अली आणि १९५८ मध्ये मुशर्रफ यांच्याकडे आले. वृंदातले साथीदारच एकामागून एक गादीवर बसले, असे उदाहरण विरळा. महेबूब यांनी पाश्चात्त्य पद्धतीच्या गीतरचनाही केल्या. इनायत यांची कन्या नूर (जन्म मॉस्को, १९१४) ही दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची बिनतारी संदेशवाहक होती. १९४४ मध्ये डाखाऊ येथील नाझी छळछावणीत तिला ठार मारण्यात आले.

इनायत यांचा गळा ऐकायचा तर दौऱ्यापूर्वीच्या, १९०९ साली ग्रामोफोन कंपनीने घेतलेल्या तबकड्यांकडे वळावे लागते. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे. आलापाला जागा नाही, तान येते न येते तोच सुई तबकडीच्या मध्याशी पोचते.