चौथे इंजिन का गेले?

बोइंग ७४७ जानेवारी १९७० मध्ये प्रवासी सेवेत आले, तिथून रुंद पोटाच्या विमानांची कथा नेहमी सुरू होते. समुद्र ओलांडायला चार इंजिने का लागत, याचे उत्तर मात्र त्याआधीच्या एका नियमात आहे. १९५३ च्या या अमेरिकी नियमाने दोन इंजिनी विमानाला विमानतळापासून साठ मिनिटांच्या टप्प्यातच बांधून ठेवले. तेव्हाची पिस्टन इंजिने सर्रास बंद पडत. जेट इंजिने कितीतरी भरवशाची निघाली, नियम तसाच राहिला.

१९८५ मध्ये १२० आणि १९८८ मध्ये १८० मिनिटांची मुभा मिळाली. 'ईटॉप्स' (एक्स्टेंडेड-रेंज ट्विन-इंजिन ऑपरेशन्स, म्हणजे दोन इंजिनांची लांब पल्ल्याची उड्डाणे) हे तिचे नाव, आणि घोळही याच नावाचा. १८० मिनिटे म्हणजे विमान एका इंजिनावर तेवढाच वेळ तग धरते, असे अनेकांना वाटते. तसे मुळीच नाही. वारा नसताना, एका इंजिनाच्या वेगाने पर्यायी विमानतळ किती मिनिटांवर आहे, एवढेच ते मोजमाप. शिवाय सगळा भर इंजिनांवर नाही. सामानकक्षातली आग दाबणारी यंत्रणाही तेवढा वेळ, वर पंधरा मिनिटे, पुरावी लागते. दोन्ही इंजिनांचे तेच काम एकाच खेपेत एकाच तंत्रज्ञाकडे देणे टाळतात. हात चुकलाच तर दोन्हीकडे चुकायला नको. पुढे २००७ मध्ये अमेरिकेत १८० मिनिटांपलीकडे जाणाऱ्या तीन-चार इंजिनी प्रवासी विमानांनाही हा नियम लागू झाला. नावातले 'दोन इंजिने' गळाले, आद्याक्षरे तीच राहिली!

खरी ठिणगी पडली ती १९९५ मध्ये. तोवर नव्या विमानाने आधी प्रत्यक्ष सेवेत भरवसा सिद्ध करायचा, मग महासागर, असा शिरस्ता होता. बोइंगच्या दोन इंजिनी ७७७ ला अमेरिकेने पहिल्या दिवसापासून १८० मिनिटे दिली. युरोपने सुरुवातीला १२० वरच थांबवले. चाचणीची उड्डाणे अनुभवाची जागा घेतात का, ही शंका रास्तच होती. ७७७ ने ती खोटी ठरवली, हेही खरे. २००१ मध्ये दोन्ही इंजिने थांबलेले एअरबसचे ए३३० विमान ३०६ जणांसह अटलांटिकमधल्या अझोरेस बेटांवर तरंगत उतरले, सगळे वाचले. पण कारण इंधनगळतीचे होते. टाकी रिकामी झाल्यावर चार इंजिनेही थांबलीच असती.

चार इंजिनांना इंधनाच्या भावाने मारले म्हणतात. पण नियम सैल झाला नसता, तर महाग इंधन जाळतही तीच उडत राहिली असती. २०१४ मध्ये एअरबसच्या दोन इंजिनी ए३५० ला ३७० मिनिटे मिळाली. चार इंजिनी ए३४० चे उत्पादन तोवर बंदच झाले होते. चार इंजिनांचेच ए३८०, त्यातले शेवटचे डिसेंबर २०२१ मध्ये सुपूर्द झाले आणि शेवटचे ७४७ जानेवारी २०२३ मध्ये, तेही मालवाहू.