प्रक्षेपण नियमनातून विविधता आणि दिव्यांग समावेश

टीव्ही किंवा रेडिओ चॅनेलला लायसन्स देतानाच अट घालायची, की तुमचे कार्यक्रम ज्यांना ऐकू येत नाही किंवा दिसत नाही त्यांनाही समजले पाहिजेत आणि तुमच्याकडे कामाला कोण कोण आहे त्याचाही हिशोब द्यायचा, याला म्हणतात नियमनातून समावेश. विचार सरळ आहे, प्रक्षेपणाच्या लहरी सगळ्यांच्या मालकीच्या असतात आणि वापरायची परवानगी मोजक्यांनाच मिळते, मग ज्याला ती मिळाली त्याने सगळ्यांसाठी प्रक्षेपण करावं. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या कलम ३० मध्ये टीव्ही कार्यक्रम वापरता येतील अशा स्वरूपात मिळणं हा हक्क म्हणून आलाय, त्यामुळे ही काही चॅनेलने केलेली मेहेरबानी नाही.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात यशस्वी गोष्ट म्हणजे कॅप्शन, बोललेलं स्क्रीनवर अक्षरांत दाखवणं. अमेरिकेत १९८० मध्ये बंद कॅप्शन सुरू झाले, म्हणजे ज्याला हवे त्यालाच स्क्रीनवर दिसणारे, पण ते दिसायला टीव्हीला जोडायचा वेगळा डबा विकत घ्यावा लागायचा, आणि डबे थोड्याच घरांत म्हणून चॅनेल कॅप्शन करायला नाखूष, कॅप्शन कमी म्हणून डबा कोण घेणार, असं ते अडकून पडलं होतं. १९९० च्या कायद्याने हा गुंता सोडवला. जुलै १९९३ पासून १३ इंच आणि त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीत कॅप्शन दाखवणारी चिप आतच बसवणं सक्तीचं झालं. मग १९९६ च्या कायद्याने कॅप्शन देणंच बंधनकारक केलं आणि २००६ पासून इंग्रजीतल्या जवळपास सगळ्या नव्या कार्यक्रमांना ते लागू झालं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथे नुसतं चॅनेलला आवाहन करून काहीही झालं नसतं.

पण कॅप्शन आहेत म्हणजे वाचता येतात असं नाही. लाइव्ह बातम्यांत शब्द काही सेकंद मागून येतात, चुकीचे येतात, कधी बोलणाऱ्याचं नावच झाकून टाकतात. म्हणून २०१४ मध्ये अमेरिकन नियामकाने दर्जाचे चार निकष ठरवले, अचूकता, वेळ जुळणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत असणं आणि स्क्रीनवरची जागा. वादळाची सूचना चालू असताना मागे पडलेलं कॅप्शन जिवावर बेतू शकतं, त्यामुळे हे निकष कोणी बारीकसारीक समजू नयेत.

ब्रिटनमध्ये २००३ च्या कम्युनिकेशन्स कायद्याने दहा वर्षांत गाठायचे आकडे दिले, ८० टक्के कार्यक्रमांना सबटायटल्स, १० टक्क्यांना ऑडिओ डिस्क्रिप्शन आणि ५ टक्के सांकेतिक भाषेत, देखरेख ऑफकॉम या नियामकाची. आता हा ५ टक्क्यांचा आकडा बघा. बऱ्याच जणांना वाटतं सबटायटल्स दिले की कर्णबधिरांचं काम झालं, पण जो लहानपणापासून सांकेतिक भाषेत वाढला त्याच्यासाठी लिहिलेली इंग्रजी ही दुसरी भाषा असते, व्याकरणही वेगळं. शिवाय स्क्रीनच्या कोपऱ्यात दुभाषी असलेले कार्यक्रम बरेचदा मध्यरात्रीनंतर लावले जातात, टक्केवारी तेवढी भरते.

ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत कोण आत आलं, कुणी पत्र लपवलं हे आवाजात सांगणं. यात अमेरिकेत कोर्ट आडवं आलं, २००२ मध्ये फेडरल न्यायालयाने नियम रद्द केला कारण असं वर्णन लिहिणं म्हणजे कार्यक्रमाच्या आशयालाच हात लावणं आणि तो अधिकार संसदेने नियामकाला दिलेला नव्हता, मग २०१० मध्ये कायदा करून तो नियम परत आणावा लागला.

२०२१ च्या सप्टेंबरमध्ये लंडनमधल्या एका प्रक्षेपण केंद्रात आग विझवणारी यंत्रणा अचानक सुरू झाली, उपकरणं बिघडली आणि चॅनेल फोरचे सबटायटल्स काही आठवडे गायब झाले. चित्र आणि आवाजासाठी बॅकअप होता, सबटायटल्सचा बॅकअप चालला नाही. फ्रीसॅट या उपग्रह टीव्ही सेवेवर चॅनेल फोरला ठरवून दिलेला वर्षाचा ९० टक्के सबटायटल्सचा कोटा हुकला म्हणून ऑफकॉमने लायसन्सचा भंग ठरवला, आणि प्रेक्षकांना वेळेवर माहिती दिली नाही यावरूनही सुनावलं.

कॅमेऱ्यामागे कोण आहे हा भाग त्या मानाने कच्चा. ब्रिटनच्या त्याच २००३ च्या कायद्यात २० पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या चॅनेलने लिंग, वंश आणि अपंगत्व या बाबतीत समान संधी वाढवायची अट आहे, आणि २०१७ पासून ऑफकॉम त्याचे आकडे छापतं. अडचण अशी की टीव्हीचं बरंच काम बाहेरच्या निर्मिती कंपन्या आणि फ्रीलान्सर करतात, ते या मोजणीत नीट येत नाहीत, आणि अपंगत्व सांगितलं तर पुढचं काम जाईल या भीतीने माणसं रकाना कोराच ठेवतात. अमेरिकेत तर नोकरभरतीचे असे नियम १९९८ आणि २००१ असे दोनदा कोर्टाने पाडले, आता भर आहे तो जागा रिकामी झाली की सगळीकडे कळवण्यावर. पडद्यावर काय दाखवायचं यात नियामक मुद्दाम कमी हात घालतात, अभिव्यक्तीचा प्रश्न येतो. कॅनडाने वेगळी वाट काढली, १९९९ मध्ये आदिवासी समाजांच्या एपीटीएन या चॅनेलला लायसन्स देऊन ते केबल कंपन्यांनी दाखवलंच पाहिजे असं ठरवलं.

ओटीटी बराच काळ या सगळ्याच्या बाहेर होतं. युरोपियन युनियनने २०१८ च्या दुरुस्तीत मागणीनुसार बघायच्या सेवांनाही टप्प्याटप्प्याने सुलभता वाढवायला सांगितलं, ब्रिटनने २०२४ च्या मीडिया कायद्यात मोठ्या सेवांसाठी तेच ८०, १० आणि ५ टक्के धरले. तिथे निदान रात्रीच्या वेळेचं कारण कुणाला देता येणार नाही, कारण सांकेतिक भाषेतला कार्यक्रमही प्रेक्षक आपल्याला हवा तेव्हा लावू शकतो.